पाहायचं पाणी, प्यायचं पाणी

आमच्या वऱ्हाडात 'कारंजा' म्हटलं की समोरचा माणूस लगेच विचारतो, "कोनतं? लाड का घाडगे?" एक कारंजा वाशीम जिल्ह्यात, दुसरं वर्धा जिल्ह्यात. पाण्याचं कारंजं कुणाच्या मनातही येत नाही. त्यात आमचा दोष नाही. उन्हाळ्यात नळाची वाट पाहण्यात ज्यांचे दिवस जातात, त्यांना हवेत पाणी उडवण्याची गोष्ट सुचणार कशी?

मला हा विषय सुचला तो भाच्यामुळे. तो जर्मनीत नोकरीला आहे. सुट्टीत रोमला गेला आणि तिथल्या त्रेवी कारंज्यासमोर उभं राहून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. "मामू, देखो, कितना पानी!" मागे पांढरा दगड, समुद्रदेवाचा रथ, घोडे, हिरवट निळं पाणी आणि माणसांची ही गर्दी. पाठ करून, खांद्यावरून नाणं टाकलं की पुन्हा रोमला येणं होतं, अशी तिथली समजूत. भाच्यानंही टाकलं. मी विचारलं, "किती टाकलं?" तर म्हणाला, "एक युरो." मी मनात रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसलो. ती नाणी गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देतात, हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. बोलता बोलता भाचा कारंज्याच्या कडेला गेला, तिथल्या एका छोट्या दगडी धारेला ओंजळ लावली आणि पाणी प्यायला. मी ओरडलोच, "अरे, ते पितोस काय!" तो हसला. म्हणाला, "मामू, ये पीने का ही है." त्रेवीच्या मोठ्या कुंडातलं पाणी पिण्याचं नाही, पण त्याला लागूनच ही पिण्याची धार ठेवलेली आहे. प्रेमी जोडप्यांनी तिथे एकत्र पाणी प्यावं, अशीही एक समजूत आहे म्हणे. पुढे तो म्हणाला की रोमभर रस्त्यारस्त्यांवर लोखंडी खांबासारखे नळ आहेत. वाकडी तोटी म्हणून लोक त्यांना 'नाकाडे' म्हणतात. दिवसरात्र पाणी वाहतं, पैसे नाहीत, कुणी विचारत नाही. तोटीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या भोकातून पाणी उडतं आणि न वाकता पिता येतं. असे सुमारे २५०० नळ त्या शहरात आहेत.

त्रेवीला पाणी येतं ते इसवी सनापूर्वी १९ साली अग्रिप्पा नावाच्या रोमन सरदारानं बांधलेल्या कालव्याच्या वाटेनं. आज दिसणारं कारंजं निकोला साल्वीनं १७३२ मध्ये सुरू केलं, ते १७६२ मध्ये पुरं झालं. म्हणजे आधी पाणी आलं आणि जवळपास पावणेअठराशे वर्षांनी त्यावर हा दगडी साज चढला. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्याकडे बहुधा तो उलटा असतो.

त्यानंतर महिनाभरातच एका कामासाठी मला मुंबईला जावं लागलं. संध्याकाळी धामणगावहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो. आमचं हे गाव स्टेशनमुळेच ओळखलं जातं. धामणगाव बढे वेगळं, धामणगाव गढी वेगळं, आमचं 'धामणगाव रेल्वे'. यवतमाळची माणसंही मुंबईची गाडी धरायला इथेच येतात. सकाळी मुंबईत उतरलो. कामाला दोन-तीन तास अवकाश होता. भाच्याचं कारंजं डोक्यात होतंच. म्हटलं, आपलंही एक आहे की! दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालत निघालो आणि फ्लोरा फाउंटनपाशी पोहोचलो.

यापूर्वी कितीतरी वेळा मी त्याच्यावरून गेलो असेन, पण थांबून पाहिलं ते पहिल्यांदाच. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. ती सगळ्यात वर उभी. खाली मूर्ती, मासे, शिंपले आणि थरावरून थरावर पडणारं पाणी. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ या इंग्रज वास्तुकाराचा, कोरीवकाम जेम्स फोर्सिथचं, दगड इंग्लंडमधला पोर्टलंडचा. मुळात ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी होतं आणि गव्हर्नर बार्टल फ्रियरचं नाव त्याला द्यायचं होतं. मग ते इथे, फोर्टच्या पाडलेल्या चर्च गेटच्या जागी आलं आणि नाव पडलं देवीचं. त्या काळात खर्च आला ४७ हजार रुपये. त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. अलीकडे त्याची नीट दुरुस्ती झाली आणि २०१९ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुलं झालं. काम चांगलं झालं आहे. पाणी चालू होतं, दगड स्वच्छ होता. शेजारी हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच भागात मुंबईसाठी लढणाऱ्या मराठी माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मशाल धरलेल्या त्या शेतकरी-कामगारासमोर मी दोन मिनिटं उभा राहिलो.

कारंज्याबरोबर जे साल नेहमी सांगितलं जातं, ते आहे १८६४. हे साल वऱ्हाडी माणसानं वाचलं की त्याच्या कानात दुसरंच काहीतरी वाजायला हवं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग भाव आला हिंदुस्थानातल्या कापसाला. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. इथली काळी माती कापसाची. खामगाव, अमरावतीचे बाजार फुलले. मुंबईत पैशाचा पूर आला, किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या, नवी मुंबई उभी राहू लागली. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि तो फुगा फुटला, हेही खरं. कापूस बंदरावर नेण्यासाठी लोहमार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत राहिला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. आमच्या गावाच्या नावातली 'रेल्वे' ती हीच.

कारंज्याचा अमुक रुपया अमुक शेतातून आला, असं मी म्हणत नाही. तसा हिशेब कुणी मांडू शकणार नाही. पण ज्या दिवसांत फ्लोरा मुंबईत उभी राहिली, ते दिवस कापसाचे होते, आणि कापूस कुठे पिकतो ते आम्हाला ठाऊक आहे. कापूस पिकवणारा माणूस आजही आभाळाकडे बघतो. ज्याच्या बोंडांवर शहरं फुलली, त्याच्या बांधावर प्यायला मडकं आहे की नाही, हे शहरानं कधी विचारलं नाही.

ऊन चढलं होतं. तहान लागली. त्रेवीची ती कडेची धार आठवली, म्हणून मी कारंज्याभोवती एक फेरी मारली. पिण्याच्या पाण्याचा नळ मला दिसला नाही. असला तर माझ्या नजरेची चूक. शेवटी टपरीवरून वीस रुपयांची बाटली घेतली आणि पाणी पाहत पाहत पाणी प्यायलो. शेजारी एक हमाल बसला होता. त्याच्या हातात जुनीच बाटली, घरून भरून आणलेली, तळाशी चार बोटं पाणी उरलेलं. तो ते पुरवून पुरवून पीत होता. समोर हजारो लिटर उडत होतं.

परत निघताना मी आतल्या रस्त्यानं, मिंट रोडकडून आलो. तिथे आणखी एक कारंजं लागलं. त्याला पाहायला फारसं कुणी थांबत नाही. रतनशी मुळजी जेठा या व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बांधलं. वर हातात पुस्तक घेतलेल्या मुलाचा पुतळा आहे. रतनशीशेठचा मुलगा धरमशी लहान वयात गेला. त्याच्या नावानं बापानं रस्त्यावर पाणी ठेवलं. पाहायचं पाणी नव्हे, प्यायचं. मुंबईत अशा दगडी पाणपोया, ज्यांना तिथे 'प्याऊ' म्हणतात, एके काळी खूप होत्या. सर कावसजी जहांगीर रेडीमनी या एकाच पारशी दात्यानं ४० बांधल्या, असं सांगतात. त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या. काहींची अलीकडे दुरुस्ती झाली आहे, ही आनंदाची गोष्ट.

आणि मौज अशी की रतनशीशेठ कापसाचेच व्यापारी होते.

त्या मुलाच्या पुतळ्याखाली उभं असताना मला एक हदीस आठवली. साद बिन उबादा हे मदिनेचे एक सहाबी. त्यांची आई गेली. त्यांनी प्रेषितांना, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, विचारलं की आईच्या नावानं कोणतं दान सगळ्यात चांगलं? उत्तर एका शब्दाचं होतं: पाणी. सादनी विहीर खोदली आणि ती आईच्या नावे केली. कुठे सातव्या शतकातला मदिनेचा मुलगा, कुठे मुंबईचा कापूसवाला बाप. एकानं आईसाठी, दुसऱ्यानं लेकरासाठी, पण दोघांनाही दुःखात सुचलं ते एकच. आपलं माणूस गेलं की अनोळखी माणसाची तहान भागवावी. दुसरीही हदीस आपल्याकडे लहान पोरांना सांगतात. तहानेनं जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, पायताणात पाणी भरलं, ते दातात धरून वर आला, कुत्र्याला पाजलं आणि अल्लाहनं त्याला माफ केलं. कुत्रा कुणाचा, हे त्या गोष्टीत कुठेच नाही.

आणि करबला? हिजरी ६१, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये फुरात नदी समोर वाहत असताना प्रेषितांच्या नातवाच्या तंबूंचं पाणी तोडलं गेलं. त्यात तान्ही लेकरंही होती. म्हणून मोहरममध्ये आपण सबील लावतो. आमच्या वऱ्हाडात मोहरमच्या सवाऱ्यांना नवस बोलणारे हिंदू आजही भेटतात, आणि सबीलवर सरबताचा पेला घेताना कुणी कुणाचं नाव विचारत नाही. निदान विचारत नसे.

आता त्या 'विचारत नसे'बद्दल बोललं पाहिजे. कारण पाण्याचा खरा प्रश्न तिथे आहे.

माझे आजोबा सांगत, त्यांच्या तरुणपणी मोठ्या स्टेशनांवर गाडी थांबली की दोन आवाज यायचे. "हिंदू पानी!" "मुसलमान पानी!" पाणी एकाच विहिरीचं, घागरी दोन. आजोबा हसत हसत सांगायचे, पण त्यात एक गोष्ट ते सांगत नसत, आणि ती मला पुढे पुस्तकात वाचावी लागली. या दोन्ही घागरींत न बसणारी माणसं त्याच फलाटावर होती. त्यांच्यासाठी तिसरी हाक नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ चा प्रवास लिहिला आहे. नऊ-दहा वर्षांचा मुलगा, भाऊ आणि भाचा बरोबर, मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे बैलगाडीनं निघाला. जवळ जेवण होतं, पाणी नव्हतं. महार म्हणून कुणी पाणी देईना. रात्री टोलनाक्यावर गाडीवानानं सल्ला दिला की मुसलमान असल्याचं सांग. मुलानं उर्दूत बोलून पाणी मागितलं. तरीही मिळालं नाही. पोरं उपाशी झोपली, कारण पाण्यावाचून घास उतरत नव्हता.

महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब ओंजळभर पाणी प्यायले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरायची होती, मंडपाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं आपली जागा दिली. हा किस्सा आपण मुसलमान फार अभिमानानं सांगतो. सांगावाच. पण त्याच माणसाच्या त्याच आठवणींत दुसरा किस्साही आहे, आणि तो सांगताना आपली जीभ अडखळते.

१९३४ साल. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळकडे निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. रमजानचा महिना. किल्ल्याच्या दाराशी काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासानं अंगावर धूळ बसलेली. त्यांनी त्या पाण्यानं हात-तोंड धुतलं. एक म्हातारा, पांढऱ्या दाढीचा मुसलमान धावत आला आणि हौद बाटवला म्हणून आरडाओरडा करू लागला. गर्दी जमली. शिवीगाळ झाली. शेवटी बाबासाहेबांनीच रागानं विचारलं की तुमचा धर्म हेच शिकवतो का? एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवाल का? गर्दीजवळ उत्तर नव्हतं. किल्ल्यात सोडलं, पण आत कुठे पाण्याला हात लावू नयेत म्हणून हत्यारी शिपाई बरोबर देऊन.

तो म्हातारा रोजेदार होता. दिवसभर घोटभर पाण्यावाचून राहणं म्हणजे काय, हे त्याला त्या क्षणी इतर कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. तरी तो धावला. मला हे वाचून जितकी लाज वाटली, तितकी क्वचितच कशाची वाटली असेल. आणि म्हणूनच २०२१ मध्ये गाझियाबादजवळ डासना इथे देवळात पाणी प्यायला गेलेल्या मुसलमान पोराला मारहाण झाल्याची बातमी आली, तेव्हा मला संतापाबरोबर दौलताबादही आठवलं. संताप करण्याचा हक्क आपल्याला आहे. पण आपला हौदही आपण धुवायला हवा.

पाण्याची शोभा आपल्याकडे नव्हती असं नाही. आमच्याच जिल्ह्यात अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. पाण्याच्या मधोमध उभी केलेली ती अष्टकोनी इमारत. ज्या सुलतानांनी ती बांधली, त्यांनी तिच्या गवाक्षांत बसून गार वारा घेतला असेल. तेही पाहायचंच पाणी. त्याबद्दल कुणी 'आपल्या बादशहांचं वैभव' म्हणून छाती फुगवू लागला, की मी त्याला औरंगाबादच्या, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीला घेऊन जातो. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याचं ते आवार. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून मैलोन् मैल आणलं, उंच भिंतीवर चढवलं आणि धबधब्यासारखं पाडलं. तिथे कारंजीही आहेत, माणसं फोटोही काढतात. पण त्या पाण्यावर चक्की फिरायची आणि तिच्यावर दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. पाणी दिसायला सुंदर होतं आणि कुणाच्या तरी भाकरीच्या कामीही येत होतं. दोन्ही एकत्र होऊ शकतं, याचा पुरावा आपल्या मराठी मुलखातच आहे. त्यासाठी रोमला जायला नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: कारंजं वाईट नाही, पण ज्या गावात रस्त्यावरच्या माणसाला फुकट आणि निर्धास्त पाणी मिळत नाही, त्या गावाला कारंज्याचा अधिकार नाही.

आज विदर्भातल्या गावागावांत चौकांचं 'सौंदर्यीकरण' चालू आहे. आमच्या भागातल्या एका गावात असंच रंगीत दिव्यांचं कारंजं उभं राहिलं. उद्घाटनाला पाणी उडालं, फोटो निघाले. दुसऱ्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. आता त्या कुंडात गुटख्याच्या पुड्या आहेत, आणि पन्नास पावलांवर टँकरमागे घागरींची रांग. कुणी म्हणेल, खर्च कुठून आणायचा? अहो, त्या दिव्यांच्या खर्चात गावातल्या सगळ्या चौकांत नळ लागले असते. कुणी म्हणेल, फुकट नळ लोक मोडतात, पाणी वाया घालवतात. मोडतात, खरं आहे. पण मोडलेल्या नळाला दुरुस्त करणारा माणूस नेमता येतो. बाटलीची सवय एकदा लागली, की ज्याच्याकडे वीस रुपये नाहीत त्याची तहान आपल्याला दिसेनाशी होते. ती सवय कुठल्या प्लंबरनं दुरुस्त करायची?

उन्हाळ्यात आमच्याकडे गाडी थांबली की स्टेशनांवर खिडक्याखिडक्यांशी पाणी देत फिरणारी पोरं असतात. पारा पंचेचाळीसला टेकलेला, डोक्यावर रुमाल, हातात कॅन. त्यांच्यात गळ्यात तुळशीमाळ असलेले असतात, टोपीवाले असतात, निळा गमछावालेही असतात. तीच आमची कारंजी. पण ती दोन महिन्यांची. बाकीच्या दहा महिन्यांचं काय?

सरकारला सांगून झालं. आता आपल्या घरचं सांगतो. आपल्या बहुतेक मशिदींत बोअर आहे, वजूसाठी नळांची रांग आहे. पाणी आहे, पण ते भिंतीच्या आत आहे. मी आमच्या भागातल्या एका मशिदीच्या मंडळींपुढे मांडलं की रस्त्याकडच्या भिंतीवर बाहेरून एक नळ काढू. गार पाण्याची टाकी, खाली छोटा दगडी ओटा. वर कुणाचं नाव नको, आयतही नको, नुसतं 'पिण्याचे पाणी' असं मराठीत. म्हणजे बाजाराला आलेली बाई, सायकलवरचा भंगारवाला, शाळेतलं पोर, कुणीही थांबेल.

एक चाचा म्हणाले, "भाई, वजू का पानी है. बाहर के लोग गंदगी करेंगे." बाहेरचे लोक! मी त्यांना दौलताबादची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये किस किताब में है?" मी म्हटलं, "आणून देतो." पुस्तक दिलं. त्याला तीन आठवडे झाले. परवा रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी स्वतःहून विषय काढला. मोटर कोणती लागेल, बिल कोण भरेल, असं विचारत होते. आमच्याकडे माणूस खर्चाचं विचारू लागला की समजावं, नकार थोडा पातळ झाला आहे.

प्लंबरकडून अंदाज आणला आहे. टाकी, पाइप, दोन तोट्या, ओटा आणि मजुरी मिळून साडेआठ हजार. फ्लोरा फाउंटनला १८६४ मध्ये ४७ हजार लागले होते. भाच्याला आकडा कळवला, तर त्यानं शंभर युरो पाठवले. मी म्हटलं, "अरे, इतके कशाला?" तो म्हणाला, "मामू, वहाँ सिक्का फेंका था, वापस बुलाने के लिए. ये वाला घर के लिए."

पैसे आले आहेत. भिंत आहे, पाणी आहे. पुढच्या जुम्म्याला बैठक आहे. चाचांनी पुस्तक अजून परत केलेलं नाही, हे मी चांगलं लक्षण समजतो.